दहा कोंबड्यांचे घर आणि शंभर मात्रांची कुपी
लहान शेतकऱ्याचे पशुधन पावसाळ्याच्या तोंडावर का खचते आणि ते वाचवण्याचा स्वस्त मार्ग कोणता

सिल्वासा शहरातून खानवेलच्या दिशेने निघाले की काही किलोमीटरवर वासोणा हे गाव लागते. पर्यटकांच्या लेखी हे गाव सिंहांचे. दादरा-नगर हवेलीच्या अभयारण्यात येथे आशियाई सिंहांची सफारी आहे आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या गाड्या तिच्यासाठीच थांबतात. परंतु या परिसरातील वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांचे पशुधन निराळे आहे. दावणीला एखादी बैलजोडी, एक-दोन गाई, चार शेळ्या आणि अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या आठ-दहा कोंबड्या, एवढीच बहुतेक घरांची ऐपत. सिंहाच्या प्रकृतीकडे पाहायला पशुवैद्य असतो. अंगणातील कोंबडीकडे मात्र ती मान टाकेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

गोमंतकीय वाचकाला दादरा-नगर हवेली आठवते ती १९५४ च्या मुक्तिलढ्यामुळे. २ ऑगस्ट हा तेथील मुक्तिदिन. या दोन प्रदेशांत आणखीही साम्य आहे. चार महिने कोसळणारा पाऊस, भाताची शेती, तुकड्यांत विभागलेली जमीन आणि त्या जमिनीला आधार देणारे थोडेसे पशुधन दोन्हीकडे सारखेच. म्हणून वासोण्याच्या अंगणाचे जे दुखणे, तेच थोड्याफार फरकाने काणकोण, सांगे वा सत्तरीतील अंगणाचेही आहे.

पशुपालनातून उत्पन्न वाढवायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो नवे जनावर घेण्याचा: जास्त दुधाची गाय आणा, जास्त अंड्यांची कोंबडी आणा. सल्ला चुकीचा नाही. त्याची वेळ मात्र नंतरची आहे. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही. लहान शेतकऱ्याच्या घरातील पशुधनाला सर्वांत मोठी गळती लागते ती टाळता येण्याजोग्या रोगांची, आणि ती थांबवण्याचा खर्च नव्या जनावराच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

मानमोडी म्हणजे काय?

अंगणातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत हा रोग. १९२६ साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे नोंदवला गेला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. त्यानंतर लवकरच तो कुमाऊंमधील राणीखेत येथे आढळला आणि भारतात त्याला त्या गावाचे नाव मिळाले. मराठी शेतकऱ्याने गावाच्या नावाची वाट पाहिली नाही. आजारी कोंबडीची मान पिळवटते, हे पाहून त्याने रोगाला मानमोडी म्हटले.

रोग विषाणूचा आहे. कोंबडी सुस्त होते, पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा टाकते. काहींचे पाय व पंख लुळे पडतात, मान वळते. लस न दिलेल्या कळपात दहांपैकी नऊ कोंबड्याही मरू शकतात. एकदा लागण झाली की उपचार नाही. दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या, हळद, लसूण यांपैकी कशानेही हा विषाणू मरत नाही.

या रोगाचा प्रसार बहुतांशी माणूसच करतो. दोन कोंबड्या मेल्या की घरातील माणूस घाबरतो आणि उरलेल्या टोपलीत घालून आठवडा बाजार गाठतो. ‘मरण्यापेक्षा विकलेली बरी’ हा त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो. पण त्या टोपलीतील चांगल्या दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगातही विषाणू असू शकतो. ती ज्या घरात जाते त्या घराचे अंगण आठवड्याभरात रिकामे होते. टोपली, पायातील चपला, विष्ठेने माखलेले हात यांतूनही रोग पुढे सरकतो.

यात घराचे नेमके काय जाते, ते उदाहरणादाखल मोजून पाहू. गावठी कोंबडी वर्षात साधारण पन्नास-साठ अंडी घालते. दहा कोंबड्यांची पाचशेहून अधिक अंडी झाली. त्यांतील काही खुडूक कोंबडीखाली बसवून पिल्ले निघतात, काही विकली जातात, काही मुलांच्या ताटात पडतात. शाळा उघडताना वह्या घ्यायच्या असोत, पाहुणा आलेला असो, देवकार्य असो वा दवाखान्यात जायचे असो, घरातून काढता येण्याजोगी रोकड म्हणजे कोंबडीच. तिला बँकेची रांग नसते आणि सही लागत नाही. मानमोडीचा एक फेरा आला की एका आठवड्यात ही सारी ठेव बुडते आणि पुन्हा दोन पिल्लांपासून सुरुवात करावी लागते. काही घरे तर दर वर्षी अशी सुरुवात करतात आणि त्यालाच कोंबडीपालन समजतात.

लस आहे, तरी पोहोचत का नाही?

मानमोडीवर प्रभावी लस अनेक दशकांपासून उपलब्ध आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ-१ या लसीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत टाकतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटाची दुसरी मात्रा देतात. आठव्या आठवड्यात आर-२-बी ही लस टोचतात. ही शेवटची लस जोरकस असल्यामुळे ती लहान पिल्लांना द्यायची नसते आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीलाही शक्यतो टाळतात.

मग अडते कोठे? अडते कुपीच्या आकारावर. लस गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात येते. कुपीत शंभर, दोनशे वा त्याहून अधिक मात्रा असतात. ती दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. द्रावण मिसळून कुपी एकदा उघडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते; उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. हजारो पक्ष्यांच्या व्यावसायिक पोल्ट्रीला ही अडचण जाणवत नाही. दहा कोंबड्यांच्या घराला मात्र शंभर मात्रांची कुपी घेऊन नव्वद मात्रा फेकून द्याव्या लागतात. त्यातच गावापर्यंत बर्फाच्या डब्यातून ती नेणार कोण, हाही प्रश्न उरतो. लस ज्याच्या अंगणासाठी सर्वांत जास्त मोलाची, त्याच्यापर्यंतच ती पोहोचत नाही, याचे मोठे कारण हे आहे. अज्ञानाला आपण उगाच अधिक दोष देतो.

ही अडचण एकट्या आपली नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांच्या पुढाकाराने आय-२ ही उष्णता सहन करणारी लस तयार झाली, ती नेमकी खेड्यातील कोंबड्यांसाठी. मोझांबिक, टांझानिया यांसारख्या आफ्रिकी देशांत ती डोळ्यात थेंब टाकून देतात आणि साधारण चार महिन्यांनी पुन्हा देतात. तेथे गावातीलच प्रशिक्षित स्त्री-पुरुष ठरलेल्या दिवशी घरोघर जातात आणि प्रत्येक कोंबडीमागे लहानशी रक्कम घेतात. त्यातून त्यांचाही रोज सुटतो. या अनुभवातून मिळालेला धडा लसीइतकाच मोलाचा आहे. लसीकरणाचा घटक घर न धरता पाडा धरला की हिशेब जुळतो.

आपल्याकडे उपलब्ध असलेल्या लसीलाही हा धडा लागू पडतो. दहा कोंबड्यांची दहा घरे एकत्र आली की शंभर मात्रांची कुपी पुरी होते. दिवस आधी ठरवावा, तो सर्व पाड्याला कळवावा. त्या सकाळी कोंबड्या खुराड्यातून सोडू नयेत; सोडल्या की मग त्या हाती लागत नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात आणलेली कुपी पहिल्या घरी उघडावी आणि न थांबता शेवटच्या घरापर्यंत जावे. आठवडाभर आधी जंताचे औषध दिलेले असेल तर लसीचा परिणाम चांगला होतो. आजारी पक्ष्याला मात्र लस देऊ नये. महिला बचत गटांतून तयार झालेल्या पशुसखींना या कामाचे प्रशिक्षण देता येते आणि अनेक ठिकाणी त्या ते करतही आहेत.

नवापूरने काय शिकवले?

मानमोडीचे लसीकरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. त्यासाठी उत्तर महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरातच्या सीमेवरील नवापूरची आठवण काढावी लागते. २००६ च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. प्रथम हा राणीखेतच असावा असे समजले गेले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि फेब्रुवारीत निदान आले ते एच-५-एन-१ या बर्ड फ्लूचे. भारतातील ही पहिली नोंद. त्यानंतर लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, शेजारच्या उच्छल तालुक्यातही तीच वेळ आली आणि देशभर अंडी व चिकनची मागणी कोसळली. नवापूरवर हे संकट २०२१ मध्ये पुन्हा आले.

दोन्ही रोगांची सुरुवात सारखी दिसते: अचानक मरतुक, सुस्ती, श्वासाचा त्रास. ज्या गावात दर वर्षी मानमोडीने कोंबड्या मरतात, तेथे मेलेली कोंबडी ही बातमीच राहत नाही. उद्या त्याच अंगणात बर्ड फ्लू आला तर तो कोणाला वेगळा वाटणार नाही. उलट गावाने लसीकरण नियमित ठेवले असेल, तर एकदम दहा कोंबड्या मरणे हे असाधारण ठरते आणि कोणीतरी दवाखान्यात कळवतो. थोडक्यात, मानमोडीची लस कोंबडी वाचवतेच, शिवाय दुसऱ्या, माणसालाही होऊ शकणाऱ्या रोगाची सूचना वेळेवर मिळण्याची सोय करते. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची शंका आली तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला वा पंचायतीला कळवणे बंधनकारक आहे.

तोवर घरात पाळायचे नियम साधे आहेत. मेलेला पक्षी ओढ्यात वा रस्त्याकडेला टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा. आजारी पक्षी विकू नये, कापून खाऊही नये. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी.

गोठ्यातील हिशेब

गाई-बैलांच्या बाबतीतही तत्त्व हेच. फक्त एका जनावरामागे पणाला लागणारी रक्कम मोठी. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर घटसर्प येतो. जनावराला जोराचा ताप भरतो, घशाखाली सूज येते, श्वासाला घरघर लागते आणि एक-दोन दिवसांत ते दगावते. फऱ्या हा रोग सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या धडधाकट जनावरांना गाठतो. मागच्या फऱ्यावर सूज येते आणि ती दाबली की करकर आवाज येतो. दोन्ही रोगांची लस पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा देतात.

येथे वेळेचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. लस म्हणजे औषध नव्हे. ती शरीराला शत्रूची ओळख करून देते आणि प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात जनावर मेल्यावर दवाखान्याकडे धावणारा मालक हे आठवडे गमावून बसलेला असतो. जूनच्या रोगाची लस मे महिन्यातच झाली पाहिजे, ती यासाठी.

लाळ्या-खुरकूत हा रोग प्रौढ जनावराला सहसा मारत नाही, म्हणून त्याची दहशत कमी. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडते. गाईचे दूध आटते आणि बरे झाल्यावरही पूर्वीइतके येत नाही. चिखलणीच्या आठवड्यात बैल बसला तर त्या वर्षीची लावणीच लांबते. हे नुकसान मृत्यूच्या आकड्यात दिसत नाही, पण भाताच्या कणगीत दिसते. या रोगाविरुद्ध दर सहा महिन्यांनी लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना गर्भपाताला कारण होणाऱ्या ब्रुसेलोसिस रोगाची लस आयुष्यात एकदा देतात. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला हा या नोंदींचा दुवा आहे. तो काढून टाकू नये.

२०२२ साली लम्पी चर्मरोगाने गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातील गोठ्यांना जो तडाखा दिला, तो अजून विस्मरणात गेलेला नाही. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या या रोगावर त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून पुष्कळ जनावरे वाचवता आली. गोठ्यात पाणी साचू न देणे, शेण रोज उचलणे आणि गोचिडांचा बंदोबस्त करणे ही कामे लसीला पूरक ठरतात.

मरण टळल्यावर पोषण

रोगाची गळती थांबली की दुसरी, अधिक हळू गळती दिसू लागते. ती कुपोषणाची. तिची सुरुवात जन्माच्या पहिल्या तासात होते. वार पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वास्तविक वासराला जन्मतः रोगप्रतिकारक शक्ती जवळजवळ नसते. ती त्याला आईच्या चिकातून मिळते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका मिळाला पाहिजे. खरवस आपल्या ताटात जरूर यावा. पण वासराचे पोट भरल्यानंतर.

दुसरी बाब चाऱ्याची. भातशेतीच्या प्रदेशात वर्षातील बराच काळ जनावराची भिस्त पेंढ्यावर असते. पेंढ्याने पोट भरते, परंतु त्यात प्रथिने अत्यल्प. गाय माजावर उशिरा येते, दोन वेतांतील अंतर लांबते आणि त्या भाकड दिवसांत ती खाते तेवढे देत नाही. यावर युरिया प्रक्रिया हा तपासलेला उपाय आहे. शंभर किलो पेंढ्यासाठी चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून तो थराथराने शिंपडायचा, पेंढा तुडवून घट्ट करायचा आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवायचा. मग रोज लागेल तेवढाच काढून, थोडा वेळ उघडा ठेवून घालायचा. प्रमाण चुकवू नये. सहा महिन्यांखालील वासराला हा पेंढा देऊ नये आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते विषारी ठरते. जोडीला खनिज मिश्रण रोज तीस ते पन्नास ग्रॅम दिले तर माज आणि दूध या दोहोंत फरक दिसतो.

तिसरी बाब खाचरातील जंतांची. पाणथळ जागेतील गोगलगायींमधून यकृतातील चपटे जंत चरणाऱ्या जनावरांत शिरतात. जनावर खाते पण खंगते, जबड्याखाली पाणी धरल्यासारखी सूज येते. पावसाळा सरल्यावर शेणाची तपासणी करून पशुवैद्याकडून योग्य औषध घ्यावे. प्रत्येक जंतनाशक या जंतावर चालत नाही.

नव्या जातीचा मोह

एवढे साधल्यावर जात बदलण्याचा विचार करावा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राने विकसित केलेली वनराजा कोंबडी परसात शंभराहून अधिक अंडी देऊ शकते. पण ती अंगाने जड, त्यामुळे मुंगूस-कुत्र्यापासून उडून निसटत नाही. ती खुडूक सहसा बसत नाही आणि तिला पूरक खाद्य व लस यांची शिस्त लागते. ती शिस्त नसलेल्या अंगणात ती गावठी कोंबडीपेक्षा आधी मरते. जास्त दुधाच्या संकरित गाईचेही तसेच आहे. उष्ण-दमट हवेत ती लवकर दमते आणि गोचीड ताप तिला अधिक छळतो.

स्थानिक जातींनी हे प्रश्न शतकांपूर्वी सोडवलेले आहेत. डांग, नाशिक, पालघर या पट्ट्यातील डांगी गुरांची त्वचा तेलकट असते आणि ती मुसळधार पावसातही काम करतात. गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या अभ्यासातून श्वेतकपिला या पांढऱ्या गाईला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ती दूध थोडे देते, पण मागतेही थोडे. अशी गाय लस, चीक आणि चारा यांच्या आधारे सांभाळली तर लहान घराला परवडते.

वर्षाचे वेळापत्रक

एप्रिल-मे: जंतांचे औषध, घटसर्प व फऱ्याची लस, कोंबड्यांना पाडाभर एकाच दिवशी मानमोडीची लस, गोठा आणि खुराड्याचे छप्पर.

जून ते सप्टेंबर: बसण्याची जागा कोरडी, माश्या व गोचिडांचा बंदोबस्त, अचानक मरतुक झाल्यास त्याच दिवशी दवाखान्यात कळवणे.

ऑक्टोबर ते डिसेंबर: यकृतातील जंतांवर औषध, लाळ्या-खुरकूत लसीची सहामाही फेरी, कापणीनंतर पेंढ्यावर प्रक्रिया, नव्या पिल्लांचे लसीकरण.

अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा.

या वेळापत्रकातील एकही गोष्ट महाग नाही. बहुतेक गोष्टी एकट्या घराला जमणाऱ्या आहेत. एक मात्र एकट्याला जमत नाही आणि ती म्हणजे ती शंभर मात्रांची कुपी. तिच्यासाठी शेजारच्या नऊ घरांची कडी वाजवावी लागते. पाऊस यायच्या आधी ती वाजवलेली बरी.